इथे ओहोळ नव्हता

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. लेकाजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आमचे 'हे' गेले त्यांच्या फोटोपुढेही नाही. मग आज तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — दमलेय. गुडघे दुखतात ते वेगळं. हे दमणं आतलं आहे, बसून राहिलं तरी जात नाही.

आगाशीच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. गावभर मी 'बाई'. बसमध्ये चढले की कुणीतरी उठतंच — बाई, बसा. कुणाला अर्ज लिहायचा असला, कागदावर साक्ष हवी असली की माणसं माझ्याकडे येतात. बाईंचं अक्षर आणि बाईंचा शब्द! बघा, कबूल करायला बसले आणि आधी स्वतःचंच कौतुक करून घेतलं. सवय जात नाही मेली.

नलू माझी शेजारीण. तिची फुलझाडांची वाडी आणि आमची वाडी लागून. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो. तिचं माहेर खाडीकडचं, भातशेतीचं; 'ण' काही तिच्या जिभेवर कधी बसला नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. पण मोगरा लावावा तर नलूनं. त्या मोगऱ्यावर तिनं दोन मुली उजवल्या, नवऱ्याचं आजारपण काढलं. गावाची मी बाई, तिची मात्र शालनच. साक्षरता वर्ग चालवायचे तेव्हा तिला ओढून नेलं होतं. दोन महिने बसली आणि एवढंच शिकली — स्वतःची सही. 'न'ची काठी आधी, मग गाठ. हात धरून मी शिकवली.

आमच्या दोन वाड्यांना एक ओहोळ होता. तिच्या वाडीच्या कडेनं यायचा, आमच्या कडेनं पुढे जायचा आणि रस्त्याखालच्या दगडी मोरीतून पलीकडे उतरायचा. कुणाच्या तरी पणजोबांनी खणलेला, गावाच्या नकाशावर त्याची रेघसुद्धा नाही. दरवर्षी मे महिन्यात दोन्ही घरं मिळून तो उपसायची. नलू पदर खोचून पुढे, मी घमेलं घेऊन मागे, कुरकुरत. दुपारी सगळ्यांचं जेवण एकत्र — तिची सुक्या बोंबलांची चटणी, आमचा भात. चाळीसेक वर्षं हे चाललं. त्या ओहोळाचा एकेक दगड मला माहीत होता. मग तो नव्हताच, असं मी कशी म्हणेन?

म्हटलं. पण थांबा, आधी शेडचं सांगते.

लेक विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला. गाडी घेतली. रविवारी यायचा आणि म्हणायचा, आई, इथे गाडी लावायला जागा नाही, रस्त्यावर ओरखडे पडतात. मग दोन रविवार आलाच नाही. झालं! मी आमच्या कडेचा ओहोळ बुजवून घेतला. वर काँक्रीट, त्यावर पत्र्याची शेड. नलूनं विचारलं, "पानी कुठून जानार गं?" मी म्हटलं, खालून पाइप टाकलाय. टाकला होता — माझ्या दंडाएवढा. तिनं मान डोलावली. माझं बोलणं पडताळून बघायचं तिच्या कधी मनातच आलं नाही.

आणि मग तो पूर. आठवडाभर नलूच्या वाडीत कमरेएवढं पाणी. रस्त्याखालची मोरी ढासळून गाळात गाडली गेली, पाइप गाळानं बंद झाला, नलूच्या बाजूचा ओहोळ चिखलानं भरून सपाट झाला. आमची वाडी जरा उंच, आमचं फारसं गेलं नाही. तिचा मोगरा मात्र अर्धा कुजला. अर्धा तग धरून होता.

पुढे पूरदुरुस्तीचा निधी आला. नलूनं जावयाकडून अर्ज टाकला आणि पाहणीला एक तरुण अभियंता आला — माझाच विद्यार्थी, चौथीत दुसऱ्या बाकावर बसायचा. सरळ पोरगा. वाकून नमस्कार केला, मग म्हणाला, "बाई, हा पैसा फक्त दुरुस्तीचा. आधी जे होतं आणि पुरात मोडलं, तेच पुन्हा करता येतं. नवीन काही नाही. नकाशावर इथे काहीच दिसत नाही. तुम्ही दोघी जुन्या. इथे काय होतं ते लिहून सह्या करा, तसं मी यादीत धरतो." कोरा पंचनामा माझ्या हातात दिला आणि पुढच्या गल्लीतली मोरी बघायला गेला.

ओटीवर आम्ही दोघीच. नलू म्हणाली, "पानी कुठून कुठं जायाचं ते बराबर लिव हां शालन."

मी पेन उघडलं. आणि समोर शेड दिसत होती. ओहोळ होता असं लिहिलं की तो मोकळा करणार — म्हणजे काँक्रीट फुटणार. शेड जाणार. गाडी जाणार. रविवार जाणार. एवढंच मनात आलं, याहून मोठं काही नाही. कुणी मला धमकावलं नव्हतं हो, कुणी काही देऊ केलं नव्हतं.

मी लिहिलं — 'सदर ठिकाणी पूर्वी ओहोळ अथवा मोरी नव्हती. पावसाचे पाणी सखल भागात साचते.' सुवाच्य अक्षरात. शिरोरेघ सरळ.

"काय लिवलंस?" नलूनं विचारलं.

"पाणी साचतं असं लिहिलंय," मी म्हटलं.

हे खोटं होतं का? दुसरं वाक्य तर तेच होतं ना! किती वेळा मी स्वतःला हे ऐकवलं असेल. मी सही केली, मग तिला बोट ठेवून दाखवलं — इथे कर. तिनं जीभ दातांत धरून, सावकाश, मी शिकवली तशी सही केली. 'न'ची काठी आधी.

तो परत आला, कागद वाचला, एकदा शेडकडे बघितलं. "आजी, ही सही तुमचीच ना?" नलू केवढ्या अभिमानानं म्हणाली, "माजीच!" त्यानं कागद फायलीत ठेवला. मला वाटतं, त्याला कळलं होतं. पण बाईंना कोण विचारणार?

पुढच्या गल्लीतली मोरी झाली. देवळामागचा नाला बांधून झाला. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. नलू ऑफिसात गेली, तिथे तिला 'ओहोळ नव्हता' असं वाचून दाखवलं आणि खाली तिचीच सही दाखवली. तशीच उन्हाची माझ्या ओटीवर आली. "शालन, तू असं लिवलं नव्हतंस ना? मेल्यांनी कागद बदलला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही?

"बदलला असेल," मी म्हटलं.

मग तिनं त्या पोराला बाजारभर शिव्या घातल्या. एकदा तो मला बसस्टॉपवर भेटला. "बाई, तुम्ही तरी त्यांना सांगा." मी म्हटलं, सांगते. त्यानंतर तो रस्त्यात दिसला तर नमस्कार करतो, थांबत नाही. मला लाज वाटते त्याची. त्याची म्हणजे — माझी.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा तुंबलं. त्याच्या पुढच्याही. तग धरलेला मोगरा गेला, मग त्याच्यामागचा सोनचाफा गेला. माझ्या देवांना रोज ओंजळभर फुलं देणारी नलू आता बाजारातून दोन फुलं आणते, त्यातलं एक मला देते. मी घेते. लेक अजून येतो, महिन्यातून एखादा रविवार.

गेल्या आठवड्यात ती एक कागद घेऊन आली. वाडी विकतेय. मुलींकडे आळीपाळीनं राहणार. "जावई वाचतो म्हनाला. मी म्हटलं, नको, शालन वाचंल. तू वाचलंस की मी सही करते."

मी चष्मा लावला आणि वाचलं. शब्द न् शब्द, जसा होता तसा. मध्ये वाडीच्या चारी बाजूंच्या हद्दी आल्या — तिच्या ट्रंकेतल्या जुन्या खरेदीखतावरून उतरवलेल्या. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस विहीर. पश्चिमेस ओहोळ.

"हां," नलू म्हणाली. "इथं तरी कोनी खरं लिवलंय."

मी पुढची ओळ वाचली. सगळा कागद वाचून झाल्यावर, सही कुठे करायची ते तिला बोट ठेवून दाखवलं.