नऊ मतांची केस

ज्या घरानं कोर्टाची पायरी चढली, त्या घरात कणगीत दाणे कमी आणि किस्से जास्त साठतात. नाना गेले, किस्से राहिले. आता तेच चाळत बसते.

तर आटपाट शिरोली होती. तिथं फाउंड्रीत काम करणारे एक नाना होते, एक त्यांची बायको होती, ती मी. आणि दोघांच्या मधे एक केस होती!

नव्वद सालानंतरची गोष्ट. कामगारांनी नानांना आमदारकीला उभं केलं. चिन्ह शिडी. नाना नऊ मतांनी पडले आणि बाद मतांचा ढीग! नाना म्हणाले, "ती बाद मतं परत बघाय लावतो. तवर गप बसणार न्हाय."

मला आमदारीण व्हायची हौस नव्हती. रविवारी माणूस घरात जेवायला असावं, एवढंच वाटायचं.

*

शिंत्रे वकिलांनी पहिल्याच दिवशी घाबरवलं. "आमदाराची निवड मोडायला थेट मुंबईचं हायकोर्ट. निकालापासून पंचेचाळीस दिवसांत अर्ज. शेहेचाळिसाव्या दिवशी देव आला तरी घेत नाहीत! शिवाय बाकीच्या तेराही उमेदवारांना एकेक प्रत, आणि प्रत्येक प्रतीवर नानांची सही."

घरभर कागद. मी अडाणी, नुसते गठ्ठे लावत होते. एका गठ्ठ्यापाशी थांबले.

"ह्याला शेपूट न्हाय."

नानांच्या सहीला शेवटी विंचवासारखी नांगी असायची. वकिलांनी कागद ओढला आणि कपाळाला हात लावला. सहीच राहिलेली! "वहिनी, एवढ्यावर सगळी केस उडाली असती!"

"मग आता जेवाय वाढू?"

*

नोटिसा गेल्या. तेरातले एक अण्णा सकाळीच दारात येऊन ओरडायला लागले.

"नाना, माझ्या घरात बावीस माणसं, मतं पडली एकवीस! घरातला फितूर कोण ते मला घावंना, आणि वर तुमी मलाच कोर्टात वढता व्हय?"

मी चहा दिला. बशीतला शेवटचा घोट घेऊन जाताना हळूच म्हणाले, "वैनी, नानांची मतं मोजतील तवा माझी बी एकदा मोजाय सांगा की!"

*

नाना दोन दिवसांच्या भाकरी घेऊन जायचे आणि तारीख घेऊन यायचे. कधी जजसाहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. धाकट्या लेकीनं पहिलं पाऊल टाकलं, नाना तारखेला. शाळेत बसली, नाना तारखेला. मी सवयीनं दोन ताटं मांडायची आणि एक परत उचलायची.

बाईंनी धाकटीला विचारलं, "तुझे बाबा काय करतात?"

"तारीख करत्यात!"

*

चार वर्षांनी हुकूम झाला: बाद मतं उघडा. शिंत्रे वकील समजवायला घरी आले. "शिक्का रेघेवर पडला असेल तर भांडता येईल. पण मतपत्रिकेवर अंगठा असेल तर मत बादच. मत कुणाचं ते ओळखू येतं म्हणून."

परातीत माझा हात थांबला.

मतदानादिवशी कारकुनानं मतपत्रिकेच्या, फाडून स्वतःकडं ठेवायच्या अर्ध्या भागावर माझा विळीच्या व्रणाचा अंगठा घेतला. शाई ओलीच होती. पडद्याआड शिक्का ठेवलेला. मी म्हटलं, शिक्का सरकारचा, नवरा माझा! दिला अंगठा शिडीवर. वर बाहेर येऊन रांगेतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं, "शिक्क्याला हात लावू नगा, अंगठा द्या!"

नाना निघाले. मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "ठेचा येगळा बांधलाय."

*

रेघेवरची काही मतं नानांना मिळाली. नवाचा फरक तिनावर आला. पण शिडीवर अंगठा असलेली बारा मतं बादच राहिली. ती धरली असती तर नाना आमदार!

ते परत आले त्याच दिवशी शेजारच्या अक्काताईंच्या फोनवर शिंत्रे वकील. आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. "नाना, तीस दिवस आहेत. दिल्लीला अपील करू!"

मी चौकट धरून उभी. मुंबईत चार वर्षं गेली. दिल्लीत किती जातील?

नानांनी दारातल्या माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "दिल्ली ऱ्हाऊ दे, वकीलसाब." फोन ठेवला.

घराकडं चालताना मी विचारलं, "का वो?"

"बारातला एक अंगठा मी वळखला."

मी अंगठा पदरात लपवला. "मग जजसायबास्नी सांगितलं न्हाय?"

"कसं सांगू? मतदान गुप्त असतंय!"

त्या रविवारी नाना घरी जेवले. पुढच्याही. त्याच्या पुढच्याही.