मुळे यांचा शेवटचा परिच्छेद

दत्तात्रेय मुळे गेल्याची बातमी माझ्या टेबलावर निधनवार्ता म्हणूनच आली. त्यांचे पुतणे सुधीर यांनी ती कार्यालयात आणून दिली होती. चार ओळी होत्या, आणि त्यांत मुळे यांना ‘ज्येष्ठ साहित्यप्रेमी’ म्हटले होते. मी ते शब्द काढून ‘जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातील निवृत्त कर्मचारी’ असे केले. वय तपासले, अंत्यसंस्काराची वेळ तपासली, मजकूर पानावर सोडला. मग दुसऱ्या बातमीकडे वळले आणि पाच मिनिटांनी पुन्हा ते पान उघडले. दुपारभर तेच चालले होते. चार ओळींत चूक राहिली नव्हती, तरी काहीतरी राहिले आहे असे वाटत होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

मुळे आमच्या नाशिकच्या कार्यालयात पहिल्यांदा आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी तेव्हा रविवारची पुरवणी बघत असे. इंग्रजी अमलात इथून निघणाऱ्या एका साप्ताहिकावर आम्ही लेख छापला होता. साप्ताहिकाचे आणि संपादकांचे खरे नाव इथे देत नाही. त्यांचे वारस गावात आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत, तेवढे पुरे. कलेक्टरच्या कारभारावर, जंगलच्या कायद्यावर त्यांनी लिहिलेले अग्रलेख गावोगाव मोठ्याने वाचले जात. त्याच अंकाच्या मागच्या पानांवर नव्या कवींच्या कविता असत, घरात लपून लिहिणाऱ्या बायकांची पत्रे असत. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी लेखकांचा पहिला मजकूर तिथे छापला गेला. राजद्रोहाच्या एका अग्रलेखापायी आबासाहेबांनी तुरुंगवास भोगला, असे आमच्या लेखात होते. शाळेच्या भाषणांतही तेच होते.

मुळे टेबलापाशी उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. त्यांना बसलेले मी फार कमी पाहिले. बोलताना ते खिडकीपर्यंत जात आणि परत येत.

“उपसंपादकबाई, तुमच्या आबासाहेबांनी तुरुंग आतून पाहिलेला नाही.”

“मग आत कोण होतं?”

“ते शोधतोय. पण हे नव्हते.”

“पुरावा आणा, छापू.”

“आणीन की. तीस वर्षं दुसऱ्यांचे पुरावेच सांभाळतोय.”

पुरावा मिळायला तीन वर्षे गेली. ते सुट्टीच्या दिवशीही अभिलेख कक्षात बसत. नष्ट करायच्या कागदांच्या गठ्ठ्यांत त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे केलेले एक जुने निवेदन सापडले. वर्तमानपत्र काढायचे तर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक म्हणून कोणाचे तरी नाव सरकारदरबारी नोंदवावे लागे. या साप्ताहिकासाठी तिन्ही ठिकाणी एकच नाव होते... लक्ष्मण सावळाराम शिंपी. खाली मोडीत सही होती, अक्षर नवख्या हाताचे. शिंपी छापखान्यात जुळारी होते, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. अग्रलेख आबासाहेब लिहीत, शिंपी तो जुळवत, आणि कायद्याच्या लेखी तो शिंपींचा ठरे. खटला झाला तेव्हा कोर्टात त्यांना विचारले, हे तू लिहिलेस का. त्यांनी हो म्हटले. दीड वर्षाची सजा झाली.

मुळे यांना आबासाहेबांचा राग नव्हता, हे मुद्दाम नोंदवते. ते अग्रलेख त्यांना तोंडपाठ होते. “त्यात कपट नव्हतं हो,” ते म्हणत. “रीतच होती. लिहिणारा आत गेला तर पेपर बंद. जुळारी आत गेला तर पेपर चालू. शिंपींना ते ठाऊक होतं, म्हणून तर हो म्हणाले. आबासाहेबांनीही कधी म्हटलं नाही की मी आत होतो. लोकच म्हणायला लागले, आणि मग... त्यांनी नाहीही म्हटलं नाही.” एवढे बोलून ते पुन्हा खिडकीकडे गेले होते.

शिंपींची मुलगी नांदगावला आहे, असे त्यांनी शोधून काढले. आम्ही दोघे गेलो. सुंदराबाईंनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. मुळे यांनी निवेदनाची नक्कल उलगडून सगळे सांगितले. त्या कागदाकडे न बघता आमच्याकडे बघत राहिल्या.

“म्हंजी बापानं चोरी नाय केली?”

“नाही, बाई. कसली चोरी?”

“मला काय ठावं? मी सहा वर्साची व्हते. बाप जेलातून आला, बोलला नाय. छापखान्यात दुसरा गडी लागला व्हता, मग हितं शिवणाची मशीन घिऊन बसला. गाव म्हने, पेटी फोडली आसंल. माझी नणंद तर अजून म्हनती, चोराची लेक. पन्नास वर्सं झाली, तिचं तोंड काय बंद व्हईना.”

“आता होईल,” मुळे म्हणाले. “पेपरात नाव येईल.”

“छापून?”

“छापून. ह्या बाई छापणार आहेत.”

“लय बेस. नणंद वाचाया शिकलीय. तिच्याकडूनच वाचून घेते.” आणि त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

मुळे यांनी बारा पानांचा लेख दिला. मी तो वाचला, दोन ठिकाणी वाक्ये तोडली, चांगला आहे म्हणून कळवले. लेखात पहिल्यापासून ‘एक जुळारी’ असा उल्लेख होता. नाव, गाव, शिक्षा आणि चोरीच्या आळाचा खुलासा शेवटच्या परिच्छेदात होता. मला ते तेव्हा खटकले नाही, खटकायला हवे होते. मुळे यांचा जन्म कोर्टाच्या फायलींत गेलेला. फायलीत आधी सगळी हकीकत येते आणि निकाल शेवटी. आमच्या धंद्यात उलटे असते. महत्त्वाचे ते वर आणि शेपूट खाली, कारण जागा कमी पडली की खालून कापतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवले होते.

पुरवणीची पाने शुक्रवारी दुपारी लागत. ब्रोमाइड कागदावर उमटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवण्याचे ते दिवस होते. जेवणानंतर एक मोठी जाहिरात आली. मी दुसऱ्या पानावर अडकले होते. चिकटवणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, “मॅडम, ह्याचं काय करू? बसत नाय.” मी मान वर न करता म्हटले, “खालून दहा सेंटिमीटर काढ.” त्याने काढले. वाक्य पूर्णविरामावर संपत होते, म्हणून पान तपासतानाही काही दिसले नाही.

रविवारी लेख आला. आबासाहेब तुरुंगात गेले नव्हते, एक जुळारी गेला होता, इतके छापले गेले. आठवडाभर संतापाची पत्रे येत राहिली, सगळी आबासाहेबांच्या बाजूने. तो जुळारी कोण, असे एकाही पत्रात नव्हते.

सोमवारी मुळे आले. त्या दिवशी ते बसले. पुरवणी टेबलावर ठेवून शेवटच्या ओळीखाली बोट टेकवले.

“बाई, निकालपत्राचं शेवटचं पान फाडलंत.”

मी जागेचे कारण सांगितले. सांगताना ते मलाच ऐकवत नव्हते. दुरुस्ती छापू, असेही म्हटले आणि कार्यकारी संपादकांकडे गेले. त्यांनी लेख शांतपणे वाचला. “ह्यात चूक कुठे आहे? चुकीचं छापलं तर दुरुस्ती छापतात. न छापलेल्याची दुरुस्ती नसते. आणि आता त्या विषयावर एक ओळही नको, फोन घेऊन थकलोय.” नियमाने त्यांचे बरोबर होते. मी नियमाने परत आले. मुळे यांना सांगितले तेव्हा ते उठले, पुरवणीची घडी घातली. “नांदगावला मीच जाऊन येतो,” म्हणाले. मी बरोबर गेले नाही. तिथे काय झाले ते विचारलेही नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षे मुळे वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहीत राहिले. रस्त्यावरचे खड्डे, वीज जाणे, रामकुंडाची स्वच्छता. कुठलेही पत्र असो, त्यात कुठेतरी लक्ष्मण शिंपी येत. आधी शेवटी येत, ते कापले जात. मग त्यांनी नाव मधे घालायला सुरुवात केली. पत्रे बघणारा सहकारी हसून म्हणायचा, “तुमच्या मुळेकाकांचे शिंपी आज गटारीत सापडले.” विषयाशी संबंध नाही म्हणून तो ते काढत असे. मी ऐकत असे. पुढे मी पुरवणीची प्रमुख झाले. तेव्हा तो परिच्छेद छापायला मला कोणाचीही परवानगी लागली नसती. पण छापायचा तर तो आधी का छापला नाही, हेही लिहावे लागले असते. दर वर्षी ते पुढच्या वर्षावर गेले...

दहाव्याला पंचवटीतल्या त्यांच्या घरी गेले. सुधीर यांनी आतली खोली दाखवली. भिंतीला लागून आमच्या पुरवण्यांचे गठ्ठे होते. वरची उचलली. प्रत्येक लेखाच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने छोटे प्रश्नचिन्ह होते. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. माझ्या लेखांखालीही होते. “काका पेपर खालून वाचायचे,” सुधीर म्हणाले. “म्हणायचे, इथे पुढे कोण होतं कुणास ठाऊक.” एकाच पुरवणीवर प्रश्नचिन्ह नव्हते. तिथे जाहिरातीवर कोरा कागद चिकटवून कापलेला परिच्छेद त्यांनी कोर्टाच्या अक्षरात लिहून ठेवला होता.

मागे कोणीतरी आले म्हणून वळले. सुंदराबाई होत्या, मुलाच्या हाताला धरून. त्यांनी मला ओळखले नाही. मी कोण ते सांगितले.

“आगं, तू व्हय. मुळेसायबांनी सांगितलं व्हतं मला. म्हनले, बाईंनी समदं छापलं, माझ्याकडूनच नाव लिवायचं राह्यलं. म्हातारा झालो, म्हनले. किती येळा पाया पडाया वाकले माझ्या.”

“त्यांनी लिहिलं होतं. मी कापलं.”

“मंग सायब खोटं बोलले? माझ्यासाटी?”

“माझ्यासाठी.”

मग मी तो हाताने लिहिलेला परिच्छेद त्यांना वाचून दाखवला आणि ती पुरवणी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

“हातानं लिव्हलेलं घिऊन काय करू? नणंद गेली आखाडात. मरस्तवर बोलत व्हती. आता तोंड बंद कराया कोनी नाय, तरी बी छापलेलं पायजे. तू हायेस ना अजून पेपरात?”

आहे. पुढील मजकूर दत्तात्रेय मुळे यांचा आहे. त्यातला शब्द बदललेला नाही आणि या पानावर आज जाहिरात घेतलेली नाही.

‘सदर साप्ताहिकाचे नोंदलेले संपादक, मुद्रक व प्रकाशक लक्ष्मण सावळाराम शिंपी, राहणार नांदगाव, यांनी ही शिक्षा पूर्ण भोगली. चोरी, अफरातफर वा अन्य कोणताही आरोप त्यांच्यावर कधीही नव्हता. दुसऱ्याने लिहिलेले शब्द त्यांनी आपल्या हातांनी जुळवले आणि न्यायालयात ते आपले म्हणून कबूल केले. त्यांची कन्या सुंदराबाई हयात आहेत.’