चार सिलिंडरांचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका सभ्य माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि त्यांच्या मोटरसायकलइतकी असभ्य वस्तूही नसेल. व्याही अकोल्याच्या कोर्टात वकील. वय साठीला टेकलेलं, आवाज इतका मऊ की उलटतपासणीत साक्षीदारच त्यांना "जरा मोठ्यानं बोला साहेब" म्हणतात. गाडी मात्र शर्यतीच्या घाटाची, एका ओळीत चार सिलिंडर मांडलेली. ती किंचाळली की आमच्या अमरावतीच्या गल्लीतली कुत्री भुंकायच्या आधी पळायची. लेकीचं लग्न ठरवताना मी मुलाकडची सगळी चौकशी केली होती: शिक्षण, नोकरी, घर, नळ किती दिवसांनी येतो. सासरे काय चालवतात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्या गाडीवर बसायचं नसतं, ओणवं व्हायचं असतं. हँडल खाली, पाय मागे मुडपलेले, छाती टाकीवर. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ते अकोल्याहून तसेच आले. उतरल्यावर कंबर सरळ होईना, म्हणून वाकलेलेच दारापर्यंत चालत आले. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना वाटलं, मुलाचा बाप असून काय हा विनय! तेही वाकले. बराच वेळ दोन्हीकडची मंडळी एकमेकांपुढे वाकून उभी होती, आणि कोणी आधी सरळ व्हायचं हे ठरत नव्हतं. मे महिन्यात इंजिनाच्या झळा लागू नयेत म्हणून ते मांड्यांना ओला दुपट्टा गुंडाळून निघत. "अकोल्यात ऊन कमी पडे," त्यांच्या पत्नी सुनंदाताई म्हणाल्या, "म्हणून यायनं शेगडी मांडीवर घेतली." त्या स्वतः एसटीनं यायच्या. मागच्या सीटबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं: "फळीवर डबा ठेवल्यावानी ठेवतेत मले. आणखी मी पडली तं यायले पार बडनेऱ्याले गेल्यावर समजन."

मग एका दुपारी लेकीचा फोन आला. "आई, इकडच्या बाबांची बोटं बधिर होतात. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबते आहे. असंच वाकून चालवत राहिले तर उद्या पेनही धरता येणार नाही. ते कोणाचंच ऐकत नाहीत. तू सांग."

मीच का, ते उघड होतं. विहिणीचा शब्द हा माणूस मोडत नाही. मी आग्रह केला म्हणून त्यांनी एकदा इतक्या पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या की परत जाताना त्यांना टाकीवर ओणवंच होता येईना. संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच थांबावं लागलं होतं. तेव्हा मी सगळं नीट आखलं. फोनवर नाही, समोरासमोर. जेवणाआधी नाही, नंतर. सुनंदाताई हजर हव्यात. ठरल्याप्रमाणे सुपारी पुढे केली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, ती चार सिलिंडरची गाडी विकून टाका."

त्यांनी सुपारी उचलून तोंडात टाकली. "विहीनबाई, तुमी म्हणता तं विकली."

आणि खरंच विकली. मी ते काम झालं असं धरून पुढच्या कामांना लागले. महिन्याभरानं दारावरची बेल वाजली, तर व्याही उभे. गल्लीतलं एकही कुत्रं हललेलं नव्हतं. मागे रस्त्यावर एक उंच, रुंद गाडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना कावडीसारखं एकेक सिलिंडर बाहेर आलेलं.

"हे काय?"

"दोनची हाय," ते नम्रपणे म्हणाले. "तुमी चारची विका म्हणाले होते."

वकिलाशी बोलायचं वाक्य आधी दोनदा तपासून घ्यावं, हे मला त्या दिवशी कळलं. पण हिच्यावर ते खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतात. मनगटांवर भार नाही. डॉक्टरांनीही मान डोलावली. सुरू होताना ती उठणाऱ्या म्हशीसारखी एका अंगाला हलते, मग धिम्या धडधडीत चालत राहते. आमच्या फाटकातून सिलिंडर जात नाहीत, म्हणून बाहेरच उभी असते. सुनंदाताई आता मागे बसतात. दोघं धारणीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जाऊन आली, आणि सुनंदाताईंनी रस्ताभर बोलून घेतलं. तीस वर्षांचं साठलेलं होतं, म्हणाल्या.

परवाच्या रविवारी ते एकटेच आले. चहा घेताना मी म्हटलं, "माझ्यामुळे गाडी गेली तुमची."

"तुमच्यामुळं नाही." त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली. "ब्रेक दाबला का नाही, तेही मले समजत नव्हतं विहीनबाई. मांगचं वर्षभर. पण आपल्याच तोंडानं विका कसं म्हनाव? ज्याचा शब्द मोडता येत नाही, असं कोनी तरी सांगाची वाट पाहून राहिलो होतो."

"मग आता बरं वाटतं ना?"

"बरं हाय. चांगली हाय गाडी." मग म्हणाले, "इले चेन नाही. आतून दांडा फिरते. त्या गाडीची चेन मी दर रविवारी रॉकेल अन् दातांच्या ब्रशनं साफ करो. आता रविवारी चहा झाला का काय कराव, समजत नाही."

मागच्या अंगणात आमच्या ह्यांची जुनी सायकल भिंतीला टेकून आहे. कोणी चालवत नाही, जागा अडवते, भंगारात द्यायची म्हणून ठेवलेली. व्याही तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, मग आत येऊन म्हणाले, "जुना ब्रश असन का एखादा?"

दुपारपर्यंत ते तिथंच होते. सायकल उलटी करून एकेक कडी पुसली, तेल दिलं, पायडल हातानं फिरवलं. मागचं चाक आवाज न करता फिरत राहिलं, आणि ते मान कलती करून ऐकत बसले.

काल भंगारवाला आला होता. त्याला मी रद्दी तेवढी दिली.