मुखपृष्ठावरची धवलारीण

कॉलेजात संगीताचं मासिक काढायचं ठरलं तेव्हा सर म्हणाले, अशा मासिकांचे नियम आधी नीट पाळा, मग मोडा. भिवंडीत संगीताचं मासिक! जिथं लूमच्या खडखडाटात शेजारच्यालाही ओरडून हाक मारावी लागते, तिथं. पण मार्क होते, म्हणून सगळे कामाला लागले.

आमच्या गटाचा एडिटर मुंबईहून जुनी इंग्रजी मासिकं घेऊन आला. मुखपृष्ठं सगळी एकाच साच्यातली. वर ठसठशीत नाव, मधे एकच चेहरा, काळं जाकीट, माइकपुढे वासलेला आ.

"आपण सगळं उलटं करू," तो म्हणाला. "जाकिटाऐवजी लुगडं. स्टेजऐवजी गोडाऊनचं शटर. तुझी आत्या गाते ना गं?"

गाते म्हणजे काय! माझी आत्या अंजूरची धवलारीण. आमच्याकडच्या लग्नात भटजीला उशीर झाला तरी चालतं, धवलारणीशिवाय पान हलत नाही. प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती गाते आणि मगच बायका हळदीला हात लावतात. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा असून नसल्यासारखा. पण मांडवात शिरली की गावची पाटलीणसुद्धा सरकून तिला जागा द्यायची. तिच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

फोटोला आली ती हौसेनं, ठेवणीतलं लुगडं नेसून. एडिटर म्हणाला, गा.

"मांडव न्हाय, नवरी न्हाय, कशी गाऊ?" आत्या म्हणाली. "मांडवाबिगर धवला गायला तं कुनाचं तरी लगीन मोडतं, बाला."

मी म्हटलं, मग गप्प बसलेलीच काढ, हळदीच्या ताटापाशी. तेच खरं वेगळं दिसेल. तो हसला. "गायिका आहे हे कळणार कसं? तोंड उघडंच हवं." शेवटी आत्यानं नुसता आ केला. आवाज शून्य. दाताच्या डॉक्टरकडे करतात तसा, आणि स्वतःच खुदकन हसली. नियम मोडायला निघालेल्या त्या शहाण्यानं सगळे नियम मोडले आणि नेमका हा एक पाळला.

डीटीपीच्या दुकानात पानं लागत होती, तेव्हा फोटोखालची ओळ मी पाहिली : 'एक्स्क्लुझिव्ह! फक्त आमच्या वाचकांसाठी गायलेला धवला.' मी तिथंच भांडले. अरे, गायली कुठं ती? तो म्हणाला, एक्स्क्लुझिव्ह प्रत्येक मासिकात असतं, वाचतंय कोण? पण बरं, काढतो. काढली नाही. वर त्या पानाचं पोस्टर करून अंजूरच्या रिक्षा स्टँडवर चिकटवलं.

आणि त्याच महिन्यात गावातल्या एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना राहनाळची गोडाऊनवाली सोयरीक मिळाली होती, शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण गोडाऊनवाल्यांशी भांडायची छाती कुणाची? पोरीची आई फाडलेलं पोस्टर घेऊन आत्याच्या दारात आली.

"माझ्या पोरीच्या नशिबावर गायलीस, सटवे!"

"आवाज काढला न्हाय गो मी. देवाशपथ."

"मंग त्वांड कशाला उघडलंस?"

गल्लीतल्या बायका ओट्यांवर उभ्या होत्या. तिनंच ज्यांची लग्नं लावली त्याच सगळ्या. एकीनंही तिची बाजू घेतली नाही.

मी एडिटरकडे गेले. हात जोडले मेल्याला. एकदा गावात ये आणि सांग, ती गायली नव्हती. तो म्हणाला, "आता? मार्क लागायचेत. खोटं छापलं म्हणून सांगू? पुढच्या अंकात बघू." पुढचा अंक निघालाच नाही. एडिटरला पहिलं बक्षीस मिळालं, वेगळा विचार केल्याबद्दल. आत्याला त्या मोसमात एकाही मांडवाचं बोलावणं आलं नाही, पुढच्याही नाही. कुणाच्या घरून ढोल ऐकू आला की ती दार लावून घ्यायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बापाला बजावलं, आत्या गाणार असेल तरच पाटावर बसेन. बरं बरं, म्हणाला. हळदीला बघते तर वडपे गावची धवलारीण बसलेली आणि आत्या पार मागे, चपलांपाशी. मी उठू लागले तर आईनं खांदा दाबून बसवलं.

ती वडप्याची मधेच अडली. पुढची ओळ आठवेना. सवयीनं सगळ्या बायकांच्या माना आत्याकडे वळल्या, आणि आत्यानं ओळ उचलली. तोच आवाज, तडा न गेलेला. आता तर मांडव होता, नवरी होती.

"ए, तू न्हाय!" माझा बाप ओरडला. तिचा सख्खा भाऊ. "माझी पोर हाय ती."

आत्या ओळ अर्धी टाकून उठली. पोरांनी डीजे लावला, आणि बायका माझ्या गालांना हळद लावायला पुढे आल्या.