गाईसाठी निवडलेली गाणी

बारामतीतल्या माझ्या ओळखीच्या माणसांना एक सवय लागली आहे. कुणाला गाडीत लावायला, कुणाला आजारी आईच्या खोलीत, कुणाला पाहुणे जेवत असताना मागे वाजत राहायला गाणी हवी असली, की ते मला विचारतात. मी शिकवते वनस्पतिशास्त्र. गाण्याचं शिक्षण शून्य. पण माझ्याकडे जुन्या, मवाळ गाण्यांचे अल्बम भरपूर आणि मतं त्याहून भरपूर. गाणं कसं असावं, तर शेजारी येऊन बसणारं. अंगावर धावून येणाऱ्या गाण्यांचा मला संताप येतो. उसाच्या हंगामात दारावरून गाणी दणाणत ट्रॅक्टर जायला लागले की तो रोजच येतो.

तरीही निरवांगीहून तात्यांनी गाणी मागितली तेव्हा मी गोंधळले. तात्या माझे थोरले चुलते. त्यांना गाणं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नात बँड सुरू झाला की ते मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसायचे. शिवाय काकूंना जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आमच्याकडे वर्ष होईपर्यंत घरात गाणं-बजावणं करत नाहीत. बाकीचे कानात इअरफोन घालून हा नियम पाळत होते. तात्या मनापासून पाळत होते.

गाणी गाईसाठी हवी होती. काकू गेल्यापासून गाय पान्हा सोडत नव्हती. धार काढायला कुणीही बसलं तरी लाथ मारायची. असंच चाललं तर ती देऊन टाकायची, असं माझ्या चुलतभावानं ठरवलं होतं, आणि तात्यांना ते नको होतं. गोठ्यात हळू आवाजात जुनी गाणी लावली तर जनावर शांत होतं, असं त्यांना डेअरीवर कुणीतरी सांगितलेलं. गोठा घराच्या बाहेर, त्यामुळे दुखवट्याला बाध येत नाही, हा निवाडा तात्यांनी स्वतःच करून टाकला होता.

माझी पंचाईत झाली. माणसाला काय आवडेल हे मी सांगू शकते. गाईचं काय सांगणार? शेवटी माझ्या यादीतला कायमचा पहिला अल्बम पाठवला. सिनेमातली जुनीच गाणी, एका वयस्कर गायकानं घाई न करता, फक्त गिटार आणि बासरी घेऊन गायलेली. तात्यांचा फोन आला: गाईला बासरी चालली, एक गाणं मात्र फार उड्या मारतंय. मग भावगीतांचा एक पाठवला. गायिकेचा आवाज असा, की ऐकताना कुणी पाठीवरून हात फिरवतंय असं वाटावं. तो पहिल्याच संध्याकाळी बाद झाला.

"बाईचा आवाज नको गं," तात्या म्हणाले. "गाय सारखी दाराकडं बघत बसती."

गझला पाठवल्या, तर त्या फार रडक्या निघाल्या. नुसत्या सतारीचा अल्बम बरा, पण त्यात झोप येते म्हणे. गाईला झोप आली तर बिघडलं कुठं, हे मला कळेना. तरी मी हट्टाला पेटले. स्वयंपाक करताना गाणी लावायची आणि हे गाईला कसं वाटेल असं मनात म्हणत ऐकायची. नवऱ्यानं मला खुळ्यात काढलं. दूध किती देते आता, असं मी विचारलं की तात्या उसाची तोड कुठवर आली ते सांगायचे. मी ते मनावर घेतलं नाही.

काकूंच्या वर्षश्राद्धाला निरवांगीला गेले तेव्हा पर्समध्ये नवा पेनड्राइव्ह होता. पंगतीत वहिनी वाढायला आली, तेव्हा गाय कशी आहे म्हणून सहज विचारलं.

"गाय? ती दिवाळीतच दिली की, पळसदेवच्या पाहुण्यांना," वहिनी म्हणाली आणि आमटी घेऊन पुढं गेली.

मी जेवायचं थांबले. दिवाळीनंतर मी कितीतरी अल्बम पाठवले होते. प्रत्येकावर गाईचं मत आलं होतं. मग हे मत कुणाचं होतं? दाराकडं कोण बघत होतं? हात धुऊन मी तशीच गोठ्याकडं गेले.

गोठा झाडून लख्ख केलेला होता. दावं नाही, वैरण नाही, शेणाचा वाससुद्धा नाही. खुंटीला एक छोटा स्पीकर अडकवला होता आणि भिंतीला टेकून तात्या बसले होते. मला बघून ते जरा ओशाळले. मग बाजूला सरकून त्यांनी मला जागा केली.

मला त्यांचा राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं. पण शहाणपणाचं तेवढं बोलले: आता वर्ष झालं तात्या, स्पीकर तुमच्या खोलीत घ्या, पलंगावर निवांत पडून ऐका, इथं थंडीवाऱ्यात कशाला.

"घरात ती कधी गायलीच न्हाय," तात्या म्हणाले. "आई-आबांच्या देखत सून कशी गाणार? हितंच गुणगुणायची, धार काढताना. मी त्या भिंतीमागं वैरण तोडायचो. ती गुणगुणायला लागली की हात थांबवायचो. चांगलं गातीस, असं कधी बोललो न्हाय. बोललो तर लाजून बंद करंल, असं वाटायचं."

कोणतं गाणं होतं ते, मी विचारलं. नाव कळलं असतं तर मी कुठूनही शोधून आणलं असतं.

"त्याला शब्द न्हवतं. नुसतं हूं हूं." ते माझ्याकडं आशेनं बघत होते. "तसलं काय मिळतं का गं तुझ्याकडं?"

मी फोन काढला. शोधायच्या चौकटीत काय लिहायचं ते मला कळेना, आणि तात्या वाट बघत होते.