फडावरचा नाताळ

शिर्डीच्या विमानतळावर आमच्या विमानातून उतरलेले जवळजवळ सगळे साईबाबांच्या दर्शनाला आलेले होते. बाहेर पडताच टॅक्सीवाल्यांनी आम्हालाही गराडा घातला. "मंदिरात सोडू का ताई? दर्शन, प्रसादालय, हॉटेल, सगळं बघून देतो!"

"आम्हाला पाथर्डीकडे जायचं आहे," मी म्हटलं.

एक टॅक्सीवाला माझ्याकडे आणि माझ्या मैत्रिणीकडे आळीपाळीने बघत राहिला. "पाथर्डीकडं? तिकडून लोकं भाईर जात्यात ताई. तिकडं कोन जातं?"

आम्ही जात होतो. मस्कतच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने या नाताळात दोन तरुणांना परदेशी सेवेसाठी पाठवायचं ठरवलं होतं, आणि तो परदेश निघाला अहिल्यानगर जिल्हा. माझा जन्म मस्कतचा, पासपोर्ट भारताचा, घरची भाषा मराठी. निघताना बाबा म्हणाले, "एस्तेर, तुझा परदेश म्हणजे आमचा देश आहे. जपून जा." माझ्याबरोबर मारिसेल होती. ती फिलिपिन्सची, मस्कतच्या रुग्णालयात परिचारिका. मराठीचा एक शब्द येत नसताना ती इतकी निश्चिंत होती, आणि मराठी येणारी मी मात्र दर दोन मिनिटांनी पासपोर्ट चाचपत होते.

न्यायला शांतवन सर आले होते. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, पायात जाड चपला. पाथर्डी तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चर्चच्या आवारात एक वसतिगृह आहे, ते सर चालवतात. जीपही तेच चालवतात, आणि बोलताना समोर कमी, आमच्याकडे जास्त बघतात. निघता निघता मारिसेलने रस्त्याकडेच्या फुलवाल्याकडून गुलाबाचा भलामोठा हार विकत घेतला आणि स्वतःच्याच गळ्यात घातला. फुलवाला आधी चपापला, मग हसून म्हणाला, "असू द्या, शोभतोय!" तो हार घालूनच ती पाथर्डीपर्यंत आली.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून आमची जीप रांगत होती. नगर शहर मागे पडलं आणि जमीन हळूहळू उघडी होत गेली. बाभळी, तुरीची शेतं, उभी ज्वारी, आणि पलीकडे करड्या रंगाचे बोडके डोंगर. काही गावांत तर घराघराला कुलूप. ओट्यावर एखादा म्हातारा, त्याच्यासमोर एखादी शेळी.

"ऊस तिकडं, तोडणारे इकडचे," सर म्हणाले. "दिवाळी झाली की सगळे कारखान्यांच्या भागात जातात. पोरं बरोबर गेली की शाळा सुटते. म्हणून आम्ही ती ठेवून घेतो. बहुतेक हिंदूच आहेत. जेवायला बसताना मी कुणाला धर्म विचारत नाही. हात धुतले का, तेवढं विचारतो."

वसतिगृह म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन लांब खोल्या, एक स्वयंपाकघर आणि अंगणात कडुनिंब. स्वयंपाकघर सुवार्तामावशींचं. त्यांनी पहिल्याच जेवणाला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, झणझणीत रस्स्यात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी वाढली. बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा होता. मारिसेलला ती सौम्य चटणी वाटली. तिने चमचाभर तोंडात टाकला. पुढचा प्रकार सांगत नाही. मुलं मात्र इतकी हसली की एकाच्या नाकातून पाणी आलं, आणि त्या क्षणापासून ती सगळ्यांची 'मारीताई' झाली.

मला वेळ लागला. माझं मराठी घरातलं आणि उपासनेतलं. मी एका मुलीला विचारलं, "तुझ्या मनाला येथे प्रसन्न वाटते ना?" ती थोडा विचार करून म्हणाली, "ताई, तुमी पुस्तकावानी बोलता."

ही राणी. तिसरीतली, दोन घट्ट वेण्या, आणि आवाज असा की अंगणात बोलली तर रस्त्यावरची माणसं वळून बघत. सकाळी मुलं शाळेत गेली की आम्ही दोघी भिंती रंगवायचो आणि संध्याकाळी नाताळचं नाटक बसवायचो. आवाजामुळे राणीला देवदूत केलं. मारिसेलने पुठ्ठ्याचे पंख कापले आणि त्यांवर उसाची वाळलेली पानं चिकटवली, ती उन्हात सोन्यासारखी दिसत. देवदूताच्या तोंडी मी वाक्य लिहिलं होतं: "मेंढपाळांनो, भयभीत होऊ नका, मी तुमच्यासाठी हर्षाचे वर्तमान आणले आहे."

राणीने ते पाठ केलं, सरळ म्हणून दाखवलं, आणि मग विचारलं, "हे आईला समजंल का?"

"आई येणार आहे?"

"न्हाई. ती देवळाली प्रवराकडं फडावर (ऊसतोड चालू असलेल्या शेतात) हाय. पन आली तर."

मग एकेक जण बोलायला लागला. जोसेफ झालेल्या मुलाचे आईवडील त्याच टोळीत होते. मेंढपाळांपैकी तिघांचेही तिथेच. नाटक कुणासाठी बसवतोय हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. त्या संध्याकाळी मी सरांना म्हटलं, "त्यांना सुट्टी मिळत नसेल, तर आपण नाटक तिकडे नेऊ या."

सरांचा चेहरा बदलला. "नाही," ते म्हणाले. "मागच्या हंगामात एक बाप भेटायला आला. जाताना दोन्ही पोरं बरोबर घेऊन गेला. ती परत आली नाहीत. ऊसतोड करताना लहान भावंडं सांभाळायला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला पोरं लागतात. तिथं नेलं आणि कुणी ठेवून घेतलं, तर मी काय करू? पोरं माझी नाहीत, त्यांची आहेत."

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. सुवार्तामावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मंग काय सर, पोरं ऱ्हावीत म्हनून आयांपासून लपवून ठेवायची व्हय?"

सर उठून कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. परत आले ते फोन कानाला लावूनच. टोळीच्या मुकादमाशी (कामगारांच्या प्रमुखाशी) बोलत होते.

रविवारी सकाळी निघालो. जीपमध्ये मुलं, पंख, ढोलकी, मावशींनी केलेले शेंगदाण्याचे लाडू आणि जेमतेम श्वास घेण्याएवढी जागा. मुलं गात होती. मारिसेलही गात होती. तिला शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण चाल एकदाही चुकली नाही.

देवळाली प्रवरा ओलांडून कालव्याच्या रस्त्याला लागलो आणि मुकादमाने सांगितलेल्या जागी पोचलो. तिथे कुणीच नव्हतं. विझलेल्या चुली, उसाचं वाळकं पाचट, आणि जमिनीत कोप्यांच्या (कामगारांच्या झोपड्यांच्या) काठ्यांची भोकं. टोळी दुसऱ्या शेतावर हलली होती. मुकादमाचा फोन लागेना. वाटेत भेटलेल्या एकाने बोट दाखवलं पूर्वेला, दुसऱ्याने पश्चिमेला. आम्ही चिंचोळ्या वाटांवरून फिरत राहिलो. दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. जोसेफ रडायला लागला. मलाही रडू येत होतं, कारण हे सगळं माझ्या हट्टामुळे चाललं होतं.

"सर, गाडी थांबवा," राणी म्हणाली. "दिसत न्हाई तर आयकू तर यील."

सरांनी जीप बंद केली. मुलं टपावर, बॉनेटवर, जागा मिळेल तिथे चढली. सरांनी ढोलकी घेतली आणि त्यांनी बसवलेलं नाताळचं भजन मुलांनी सुरू केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ऊस नुसता सळसळत होता. तिसऱ्या कडव्याला राणीने असा सूर लावला की मारिसेलने राणीच्या बाजूच्या आपल्या कानावर हात ठेवला.

आणि ऊस हलला. आधी एका जागी, मग चार जागी. उसाच्या त्या भिंतीतून एक बाई बाहेर आली. लुगड्यावर पुरुषाचा सदरा, डोक्याला घट्ट फडकं, हातात कोयता. तिने एकदा जीपकडे बघितलं, कोयता तिथेच टाकला आणि धावत सुटली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. पानांनी ओरखडलेले हात, घामाने भिजलेले चेहरे, आणि सगळ्यांच्या तोंडी वेगवेगळी नावं. भजन अर्ध्यावर थांबलं, कारण गायला फारसं कुणी उरलं नव्हतं. बहुतेक मुलं कुणाच्या ना कुणाच्या कडेवर होती, मेंढपाळ तर चांगले मोठे होते तरी.

ज्यांची आई त्या टोळीत नव्हती, ती मुलं क्षणभर तशीच उभी राहिली. मग एका म्हाताऱ्या बाईने त्यांना जवळ ओढलं. "या रं, माज्याकडं या. माजी नातवंडं लांब हायेत."

मुकादमाने फार वेळ देता येणार नाही असं सांगितलं आणि मग स्वतःच पुढे येऊन मांडी घालून बसला. जवळच टोळीने नव्याने उभारलेल्या कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नाटक झालं. बैल खरे होते, पेंढा खरा होता. आमच्या उशीच्या बाळाला बघून राणीची आई म्हणाली, "हे काय? आपल्याकडं खरं लेकरू हाय की!" आणि तिने राणीच्या तान्ह्या भावाला मरियेच्या मांडीवर दिलं. त्याने लगेच मरियेचा झगा ओला केला. मरियेने हूं की चूं केलं नाही.

देवदूताची वेळ आली. राणी ऐटीत दोन बैलांच्या मधून पुढे आली. लोक हसायला लागले. का हसतात ते तिला कळेना. मग तिने मागे वळून बघितलं, तर एका बैलाने उसाच्या पानांचा तिचा डावा पंख अर्धा खाल्ला होता आणि उरलेला शांतपणे ओढत होता. तिने एक हिसका दिला. पंख बैलाकडे राहिला. एक पंख हलवत ती समोर उभी राहिली, आईकडे बघितलं आणि माझं वाक्य बाजूला ठेवून म्हणाली:

"भिऊ नगा. मी लई चांगली बातमी घिऊन आलीय!"

"सांग की मंग!" बायकांनी एका आवाजात म्हटलं.

मी पुष्कळ नाटकं बघितली आहेत. मेंढपाळांना बातमीची एवढी घाई झालेली कधी बघितली नव्हती.

लाडू वाटून झाले आणि निघायची वेळ झाली, तेव्हा सरांना ज्याची भीती होती ते घडलं. राणीचे वडील पुढे आले. भला माणूस, खाली बघून बोलत होता. "सर, राणीला ऱ्हाऊ द्या हितं. हिची आई तोडायला गेली की तान्ह्याला बघायला कोन न्हाई. काल फडाच्या कडंला ठिवलं हुतं, मुंग्या लागल्या अंगाला."

मी राणीकडे बघितलं. ती भावाला घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा सांगत होता की तिला राहायचंही आहे आणि यायचंही आहे. त्या माणसाचं काय चुकत होतं? आणि आम्ही तिला इथे आणलंच नसतं तर?

राणीच्या आईने फडकं सोडून तोंड पुसलं. नवऱ्याकडे बघत म्हणाली, "नाताळाला गावात नाटक हाय त्यांचं. देवदूत हितं बसला तर तिथं बातमी कोन देनार?"

"आगं, पन तान्ह्याला..."

"तान्ह्याला मी बघीन," मघाची म्हातारी म्हणाली. "माज्यानं आता मोळ्या उचलत न्हाईत. नुसतं बसवतंय का मला?" मग मुकादमाकडे बोट दाखवून म्हणाली, "याला इचारा, चालंल का."

सगळ्यांनी मुकादमाकडे बघितलं. त्याने मान खाजवली, बैलाच्या तोंडातून लोंबणाऱ्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि हसला. "चालंल. पन म्हातारे, झोळी सावलीत बांध."

राणीच्या वडिलांनी लेकीला स्वतः उचलून जीपमध्ये बसवलं आणि तिच्या हातात उसाचं सोललेलं कांडं दिलं. सर गाडी सुरू करायला विसरले होते. चष्मा पुसत बसले होते. निरोपाला फार वेळ कुणी थांबलं नाही, कारण ट्रक भरायचा होता. आम्ही वळणावर पोचेपर्यंत कोयत्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. परतीच्या वाटेवर मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली, सगळ्यांचे हात उसाच्या रसाने चिकट.

नाताळच्या दिवशी गावातल्या चर्चपुढे नाटक पुन्हा झालं. मारिसेलने रात्रभर खपून दुसरा पंख केला होता, पण राणीने तो लावू दिला नाही. ज्या दिवशी आम्ही निघालो, त्या सकाळी ती शाळेच्या रांगेत पुढे कोण उभं राहणार यावरून जोसेफशी भांडत होती. आमच्याकडे वळून बघायलाही तिला सवड नव्हती. पुढच्या हंगामात ती कुठे असेल, ते मला माहीत नाही. सरांनाही नाही.

मस्कतला शुक्रवारच्या उपासनेनंतर आम्हाला अनुभव सांगायला उभं केलं. किती भिंती रंगवल्या ते मारिसेलने सांगितलं, मुलांची गाणी मी सांगितली. नंतर चहाच्या वेळी आमच्या मंडळीतल्या एक काकू माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "किती गं कष्टाचं जिणं ते. तुला तिथं बघवत नसेल ना?"

मी होच म्हणणार होते. तिथे जाण्याआधी मलाही तसंच वाटत होतं, डोळे भरून परत यायचं असंच मी धरून चालले होते. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"नाही काकू," मी म्हटलं. "बघतच राहावंसं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.