चंदनसारची बारा घड्याळं

गाव सोडलं त्या सकाळी थोरल्या काकू एसटीच्या खिडकीशी उभ्या राहून आईला म्हणाल्या, "करमलं नाही तर दिवाळीला सरळ परत ये. लाजायचं कारण नाही." इंग्रजीच्या गुरुजींनी मला त्यांचा पुठ्ठा सुटलेला शब्दकोश दिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधीपासून मुंबईत नोकरीला. विरार पूर्वेला, चंदनसारला त्यांनी फ्लॅट घेतला, म्हणून आम्ही दोघी निघालो. माझी बारावी झाली होती. आई रडली, मी नाही. मला आनंद झाला होता, तो आता कशाला लपवू?

गावात नळ नव्हता, विहीर होती. इथे नळ होता, पाणी नव्हतं. कधी सकाळी यायचं, कधी भर दुपारी, कधी येतच नसे. आई दिवसभर नळाला बांधलेली. जवळच्या बालवाडीत शिकवायला तिला बोलावलं होतं, नऊ ते बारा. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी कामाला या म्हटलं होतं. पण पाणी कधी येईल हेच ठाऊक नाही, तर ती जाणार कशी? "दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणायची, "नाहीतर मी आपली गावी."

माझं डोकं फिरलं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. साहेब चहा पीत म्हणाले, "हा क्रॉनिक प्रॉब्लेम आहे, बाळ."

घरी येऊन शब्दकोश उघडला. ग्रीकमध्ये ख्रोनोस म्हणजे काळ. त्यातून क्रॉनिक, म्हणजे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेलं. पण ते तसंच राहू द्यावं, असं कोशात कुठेही लिहिलेलं नव्हतं! मी पत्रक लिहिलं आणि झेरॉक्स काढून जिन्याजिन्यात वाटलं: 'क्रॉनिक हे आजाराचं नाव आहे, उत्तर नव्हे! पाणी थोडं द्या, पण वेळ ठरवून द्या!'

त्याच पानावर खाली क्रॉनिकल होता, म्हणजे बखर, आणि क्रॉनॉलॉजी, म्हणजे घडलं त्या क्रमाने मांडणी. अण्णा खांद्यावरून वाकून म्हणाले, "सगळे एकाच भावकीतले दिसतायत."

क्रॉनॉलॉजी आमच्याकडे तयारच होती. बिल्डिंगमधल्या बायका पाणी आलं की कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वेळ टिपायच्या. मी बारा स्वयंपाकघरांतून महिनाभराच्या वेळा उतरवल्या आणि कागद साहेबांच्या टेबलावर आपटला.

साहेबांनी वाचला आणि हसले. "मंगळवारी तुमच्याकडे साडेनऊला पाणी, शेजारी नऊ पंचवीसला, वरच्या मजल्यावर नऊ वीसला. एका बिल्डिंगला बारा नद्या आहेत का? आधी तुमचं तुम्ही ठरवा."

मी कागद उचलला. कान तापले. घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा उजेड पडला. नवऱ्याची गाडी चुकू नये म्हणून विरारात घराघरात घड्याळ पुढे ठेवतात. कुणाचं दहा मिनिटं, कुणाचं पंधरा. आमचं वीस, कारण दहा पुढे आहे हे अण्णांना कळलं होतं. मला हे सगळं माहीत होतं! तरी जसंच्या तसं उतरवून मोकळी झाले.

तळमजल्यावरच्या मावशी इथल्याच, भातशेतीवाल्या. त्या हसून हसून खाली बसल्या. "अगं पोरी, पानी खरं बोलतंय, घड्याळं खोटं बोलतात. आधी नवऱ्यांना फसवायचं बंद करा, मग सायबाला धरा."

सिंक्रोनाइझ, म्हणजे सगळ्यांची वेळ एक करणं. हाही त्याच भावकीतला, फक्त घर सोडून लांब एसच्या पानावर राहायला गेलेला. रविवारी सकाळी रेडिओच्या बातम्यांवर मी बाराही घड्याळं लावली. पुरुषमंडळी दारात उभी राहून कुरकुरत होती. "गाडी चुकली तर तू जबाबदार!" सोमवारी पहिली गाडी चुकली ती अण्णांचीच. पण घड्याळाला त्यांनी हात लावला नाही.

महिन्याने दुसरा कागद नेला. बारा घरं, एकच वेळ, आणि ती वेळ रोज वेगळी. कारण चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, मनाला येईल तेव्हा चावी फिरवायचा. साहेबांनी चूक शोधली. सापडली नाही. चावीवाल्याला बोलावून त्यांनी वेळ बांधून दिली, सकाळी साडेसहा ते सव्वासात. मी मोर्चाच्या घोषणा लिहून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. खरं सांगते, थोडं वाईट वाटलं.

दसरा झाला आणि आई बालवाडीत रुजू झाली.

गावच्या माणसांनो, राग मानू नका. तुमच्या विहिरीला पाणी केव्हाही होतं. पण बाजारापर्यंत जायचं तर आईला घरात तिघांना विचारावं लागायचं. काळ उलटून गेला तरी ठाण मांडून बसलेल्या गोष्टीला ॲनाक्रॉनिझम म्हणतात. तोही याच भावकीतला, आणि तुमच्या ओटीवर बसलाय. त्याला उठवा. आणि नायगावपासून विरारपर्यंत नव्याने राहायला आलेल्यांनो, पाण्याबरोबर वेळही मागा. वेळ फुकट आहे, म्हणूनच कुणी देत नाही.

मला विचाराल तर आईला जिथून बिनघोर बाहेर पडता येतं, ते घर. पावणेनऊला ती चपला घालते, दारातून "निघते गं" म्हणते, आणि उत्तरासाठी थांबत नाही.